अपघात एक, कागद चार: कारणीभूत, कसूर, निष्काळजीपणा आणि दोषी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही विषय कळेल. तुमचा धाकटा भाऊ एका सरकारी कार्यालयात चालक आहे. नागपूरच्या अमरावती रोडवर, वाडीच्या अलीकडे, दिवेलागणीच्या वेळी त्याच्या गाडीची एका मोटारसायकलला धडक बसली. भाऊ पळाला नाही, त्यानेच जखमीला ऑटोत घालून मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं, पण तो माणूस दोन दिवसांनी वारला. आता घरात चार कागद जमलेत. पोलिसांच्या एफआयआरमध्ये लिहिलंय ‘मरणास कारणीभूत’. कार्यालयाच्या नोटिशीत ‘कर्तव्यात कसूर’. मृताच्या घरच्यांनी लावलेल्या दाव्यात ‘निष्काळजीपणा’. आणि पेपरच्या कात्रणात ठळक अक्षरांत ‘दोषी चालकावर गुन्हा’. तुम्ही विचारता, या सगळ्याचा अर्थ एकच काय? तो दोषी आहे हे ठरूनच गेलं काय? आणि ऑफिसातले लोक म्हणतात, ‘चूक झाली म्हणून लिहून दे बाप्पा, साहेब सोडून देतात’, तर लिहून द्यावं काय?

उत्तर आधीच देऊन टाकतो. तो दोषी आहे असं अजून कोणीही ठरवलेलं नाही, आणि या चारपैकी एकाही कागदाला ते ठरवायचा अधिकार नाही. ‘चूक झाली’ असं लिहूनही देऊ नका. का, ते आता सविस्तर सांगतो. मी इथल्या जिल्हा न्यायालयात फौजदारी आणि अपघात दावे अशी दोन्हीकडची कामं करतो, त्यामुळे एकाच अपघाताचे हे सगळे कागद एकाच पिशवीतून बाहेर निघताना रोज पाहतो. लोक बोलताना दोष, चूक, गुन्हा आणि जबाबदारी एकाच अर्थाने वापरतात. बोलण्यात चालून जातं. सहीच्या कागदावर आलं की अंगाशी येतं.

पोलिसांच्या कागदापासून सुरू करू. अपघाताची कुठलीही प्रथम खबर उघडा, वाक्य जवळजवळ छापील असतं: ‘यातील आरोपी चालकाने आपले ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून मोटारसायकलला धडक दिली व मोटारसायकलस्वाराचे मरणास कारणीभूत झाला.’ हे काही हवालदाराने त्या संध्याकाळी विचार करून लिहिलेलं नसतं. कलम लागायला जे शब्द हवेत ते फिर्यादीत असावेत, म्हणून ते येतात. त्यामुळे ‘भरधाव’ वाचून गाडी किती वेगात होती ते कळत नाही. ‘हयगयीने’ वाचून भावाने नेमकं काय करायला हवं होतं आणि काय केलं नाही, तेही कळत नाही. ते सरकारी पक्षाला पुढे साक्षीपुराव्याने सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कर्नाटकातल्या एका अपघात खटल्यात हेच सांगितलं. गाडी खूप वेगात होती, एवढ्या एका वाक्यावर कोणाला हयगयीसाठी दोषी धरता येत नाही. वेग ही सापेक्ष गोष्ट आहे. रात्री रिकाम्या समृद्धी महामार्गावर जो वेग साधा, तो संध्याकाळी सीताबर्डीत बेफाम.

मग दोष दिसतो कुठे? घटनास्थळ पंचनाम्यात. तुमच्या वकिलाकडून त्याची प्रत मागून घ्या आणि नकाशा नीट बघा. गाडी दुभाजकापासून किती फुटांवर थांबलेली दाखवली आहे, मोटारसायकल कुठल्या अंगाला पडली, काचांचा चुरा रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, टायर घासल्याच्या खुणा आहेत की नाहीत आणि असल्या तर किती लांब. त्या रस्त्यावर दुभाजकाच्या फटीतून उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या आपण सगळेच बघतो. चुरा भावाच्या लेनमध्ये असेल तर एफआयआरमधल्या छापील वाक्यापेक्षा तो चुरा जास्त बोलतो. दुसरा कागद म्हणजे मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल, ब्रेक आणि स्टिअरिंग चालू होतं की नाही ते त्यात असतं. तिसरी गोष्ट चौकातल्या आणि दुकानांवरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण. ते काही दिवसांत पुसलं जातं. ते जपून ठेवावं असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याकडे केला नसेल, तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम ते करा.

त्या छापील वाक्यातला सगळ्यात फसवा शब्द ‘कारणीभूत’. मरण कशामुळे आलं आणि मरणाचा दोष कोणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भावाच्या गाडीच्या धडकेने माणूस गेला, हे खरं असूनही भावाचा दोष शून्य असू शकतो. भारतीय न्याय संहितेचं कलम १८ त्यासाठीच आहे. कायदेशीर काम, कायदेशीर रीतीने, योग्य ती काळजी घेऊन चाललं असताना अपघाताने काही घडलं, तर तो अपराध होत नाही. उलटही होतं. एखाद्याची चूक ढळढळीत असते, पण मरण त्या चुकीमुळे आलेलं नसतं. मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्याला आग लागून सात कामगार गेले. व्यवस्थापक परवान्याच्या अटी मोडून, उघड्या बर्नरवर रंग बनवून घेत होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या निकालात आगीबाबतच्या हलगर्जीपणाची शिक्षा कायम ठेवली, मात्र सात मृत्यूंच्या आरोपातून त्याला सोडलं. कारण ती आग ज्या नेमक्या कृतीने भडकली, ती कृती त्याची नव्हती. मरण हे आरोपीच्या हयगयीचा थेट परिणाम असलं पाहिजे, असा तो नियम. निकाल कडू वाटतो, मलाही वाटतो. पण लायसनची मुदत संपली होती किंवा गाडीचा दिवा बंद होता म्हणून मरणाचा दोष आपोआप चालकावर जात नाही, हा बचाव आजही याच नियमावर उभा असतो.

आता मूळ गोष्ट, म्हणजे दोषाच्या पायऱ्या. कायदा घडलेलं बघतो, पण त्याहून जास्त करणाऱ्याच्या मनात काय होतं ते बघतो. उद्देश होता का? उद्देश नव्हता, पण असं होऊ शकतं याची जाण होती का? जाणही नव्हती, पण शहाण्या माणसाने घेतली असती ती काळजी सोडली का? का यातलं काहीच नव्हतं?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. काटोल-नरखेडकडे संत्र्याचे बगीचे, उमरेड-भिवापूरकडे मिरची नि हरभरा, आणि सगळीकडे रानडुकरांचा धुडगूस. शेतकरी कुंपणाला करंट सोडतो आणि सकाळी कोणीतरी माणूस तारेला चिकटलेला सापडतो. चार शेतकरी समजा. पहिल्याचं शेजाऱ्याशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून वैर, शेजारी रात्री त्याच धुऱ्याने येणार हे ठाऊक असल्याने त्याने मुद्दाम तारेत लाइन सोडली. हा खून, न्याय संहितेचं कलम १०३, फाशी किंवा जन्मठेप. दुसऱ्याचं कोणाशी वैर नाही, पण तो रोज रात्री थेट खांबावर आकडा टाकून तारेत लाइन सोडतो, पहाटे बाया त्या बांधावरून सरपणाला जातात हे त्याला पक्कं माहीत आहे, पाटी नाही, कोणाला सांगितलेलं नाही. कोणी मरावं असं त्याला वाटत नव्हतं, पण कोणी मरू शकतं हे तो जाणून होता. हा सदोष मनुष्यवध, कलम १०५ चा दुसरा भाग, दहा वर्षांपर्यंत. तिसऱ्याने गावात सांगितलं होतं, पाटी लावली होती, पहाटे स्विच बंद करायचा त्याचा नेम होता, त्या दिवशी राहून गेला. ही हयगय, कलम १०६. चौथ्याने बॅटरीवरचं झटका मशीन रीतसर बसवलं होतं, ज्याने जनावर दचकून मागे सरतं पण मरत नाही, आणि वादळात वरची विजेची तार तुटून त्याच्या कुंपणावर पडली. त्याचा दोष नाही. कुंपण त्याचंच, माणूस मेला तोही त्याच्याच शेतात.

खऱ्या खटल्यात दुसरा आणि तिसरा यांच्यात एवढं स्वच्छ अंतर नसतं. १९६३ साली बिहारमधून आलेल्या एका प्रकरणात परक्यांनी आपल्या संडासात येऊ नये म्हणून एकाने उघडी जिवंत तार लावली होती आणि एक बाई गेली. ‘ती विनापरवानगी आत आली होती’ हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, पण शिक्षा झाली ती हयगयीच्या कलमाखाली. आज विदर्भातल्या अशा प्रकरणांत पोलीस अनेकदा वरचं, सदोष मनुष्यवधाचं कलम लावतात, आणि सगळी लढाई एका शब्दावर होते: जाण. अर्धा किलोमीटर वायर टाकणाऱ्याने ‘मला कल्पना नव्हती’ म्हटलं की न्यायाधीश एकदा त्याच्याकडे आणि एकदा वायरकडे बघतात.

‘सदोष मनुष्यवध’ या शब्दाचा घोळ इथेच सोडवून टाकू, कारण तुमच्या भावाच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली आंध्रातल्या एका खटल्यात याची मांडणी केली. सदोष मनुष्यवध ही मोठी जात, खून ही तिच्यातली एक पोटजात. प्रत्येक खून सदोष मनुष्यवध असतो, प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. आणि कलम १०६ मध्ये, जे भावाला लागलं आहे, त्यात स्वच्छ शब्दांत म्हटलंय की सदोष मनुष्यवध होत नाही अशा अविचारी किंवा हयगयीच्या कृतीने मरण आलं तर. म्हणजे फिर्यादीतलं अक्षर न् अक्षर खरं धरलं, तरी कायद्याच्या भाषेत तुमच्या भावाचं कृत्य ‘सदोष’ या खान्यातच बसत नाही. पेपरवाले मात्र दर अपघाताला ‘सदोष मनुष्यवधाचा गुन्हा’ छापून मोकळे होतात. कात्रण बाजूला ठेवा आणि एफआयआरमधलं कलम वाचा: १०६ चं पहिलं पोटकलम असेल तर जामीनपात्र, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, पाच वर्षांपर्यंत. १०५ असेल तर अजामीनपात्र, सत्र न्यायालय. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये दोनच वर्षं होती, १ जुलै २०२४ पासून पाच झाली, एवढं मात्र लक्षात असू द्या. अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षं सांगणारं १०६ चं दुसरं पोटकलम ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर बाजूला ठेवलं गेलं, बाकी संहितेबरोबर ते लागू झालं नाही. ते तसंही भावाला लागलं नसतं, कारण तो थांबला होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात नेणं आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणं ही चालकाचीच ड्यूटी, आणि त्याने ती केली. मेडिकलच्या अपघात विभागात ‘कोणी आणलं’ या रकान्यात त्याचं नाव असेल. त्या नोंदीची प्रत मिळवा.

गाडीचा अपघात १०६ वरून १०५ वर चढतो कधी? दारू पिऊन, माणसं झोपलेली आहेत हे माहीत असलेल्या रस्त्यावर गाडी सुसाट सोडली तर. बांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ साली फूटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. खालच्या न्यायालयाने हयगय धरून सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने जाण धरून तीन वर्षं दिली आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. मृत्यू तेवढेच, गाडी तीच, चालक तोच. पायरी बदलली. उलट दिशेने घसरल्याचं उदाहरण भोपाळचं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या अधिकाऱ्यांवरचा आरोप सदोष मनुष्यवधावरून हयगयीवर आणला, म्हणून हजारो मृत्यूंनंतर २०१० साली शिक्षा झाली ती दोन वर्षांची. ‘एवढे मेले आणि दोनच वर्षं?’ असं लोक विचारतात. पण मृतांची संख्या दोषाची पायरी ठरवत नाही, हीच फौजदारी कायद्याची सगळ्यात न पटणारी बाजू आहे.

संक्रांतीचा नायलॉन मांजा बघा ना. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली, तरी जानेवारी आला की पुलावरून जाणाऱ्या दुचाकीस्वाराचा गळा कापल्याची बातमी येते. गच्चीवरून ‘ओ काट’ ओरडणाऱ्या पोट्ट्याला कोणाला मारायचं नसतं. विकणाऱ्याला मात्र पुरतं ठाऊक असतं की हा मांजा काय करतो, म्हणून तर तो काउंटरखाली ठेवतो. जाण आहे, मरण आहे, मधला दुवा नाही. तो मांजा कोणाच्या चक्रीतला, कोणत्या दुकानातला, हे कोण सिद्ध करणार? म्हणून विकणाऱ्यावर बहुतेकदा बंदी मोडल्याचा किरकोळ गुन्हा राहतो.

कात्रणाकडे वळू, त्याला फार वेळ देण्यासारखं त्यात काही नाही. ‘गुन्हा दाखल’ म्हणजे तक्रार नोंदली. ‘आरोपी’ म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. ‘दोषारोपपत्र’ म्हणजे पोलिसांच्या मते पुरावा आहे. ‘दोषी’ हा शब्द फक्त न्यायाधीश निकालाच्या दिवशी वापरू शकतात, त्याच्या आधी कोणीही वापरला तरी त्याला किंमत नाही. आपल्या मध्यवर्ती कारागृहातसुद्धा न्यायाधीन (खटला चालू असलेले) बंदी वेगळे आणि सिद्धदोष (दोष सिद्ध झालेले) बंदी वेगळे. पेपरला खुलासा पाठवायचा असेल तर पाठवा, मात्र मी त्यात शक्ती घालवायला सांगत नाही.

दाव्याचा कागद मात्र गंभीरपणे घ्या. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ‘निष्काळजीपणा’ म्हणतात तेव्हा कोणाला तुरुंगात टाकायचा प्रश्न नसतो. ज्या घरातला कमावता गेला त्या घराला पैसे कोणी द्यायचे, एवढाच प्रश्न. फौजदारीत शंकेला जागा न ठेवता सिद्ध करावं लागतं, इथे पारडं कुठे झुकतं तेवढं बघतात. म्हणून एकाच अपघातात चालक फौजदारीतून निर्दोष सुटतो आणि दाव्यात त्याचाच निष्काळजीपणा धरला जातो, यात विसंगती काही नाही. शिवाय इथे दोषाची वाटणी होते. मोटारसायकलवाला उलट्या बाजूने आला होता हे पंचनाम्यातून दिसलं, तर न्यायाधिकरण समजा तीस टक्के निष्काळजीपणा त्याचा धरेल, मग दहा लाखांची भरपाई सात लाखांवर येईल. याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात. फौजदारीत अशी टक्केवारी नसते. आणि मृताच्या घरच्यांनी मनात आणलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली कोणाचाही दोष न सांगता पाच लाख मागता येतात, तिथे तर हा शब्दच गळून पडतो.

पैसे बहुधा भावाला भरावे लागणार नाहीत. तो ड्यूटीवर होता, गाडी शासनाची, तेव्हा मालक म्हणून शासन जबाबदार. ‘जबाबदार’ या शब्दाचं कायद्यातलं हे रूप लक्षात घ्या: ज्याला उत्तर द्यायचं आणि भरपाई द्यायची तो जबाबदार, मग त्याचा स्वतःचा दोष असो वा नसो. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून शहरात घरोघरी पाणी शिरलं, तेव्हा ‘जबाबदार कोण’ हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एखाद्या यंत्रणेचं नाव घेता येतं. दोषी कोण, याला मात्र माणूस लागतो, त्याची कृती लागते आणि तेव्हाचं त्याचं मन लागतं. एका ठिकाणी कायदा जबाबदारी आणि दोष मुद्दाम जोडतो, तेही सांगून ठेवतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालकच दोषी मानला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, आणि आपल्याला माहीत नव्हतं हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. धरमपेठेत कॉलेजच्या वेळेला उभं राहून बघा, किती बापांना हे ठाऊक नाही ते कळेल.

राहिली कार्यालयाची नोटीस. माझ्या मते भावाला खरा धोका इथे आहे, कोर्टात नाही. ‘कसूर’ हा शब्द ऐकायला मवाळ. पण महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खाली चौकशी सुरू झाली की पुराव्याची कसोटी दाव्यासारखीच सैल असते, वर चौकशी अधिकारी त्याच व्यवस्थेतला. फौजदारीतून सुटला म्हणून खात्याची चौकशी आपोआप संपत नाही. शिक्षांची उतरंड अशी, की तळाशी ‘ठपका’ आहे. आपण घरात सहज म्हणतो, ‘उगाच माझ्यावर ठपका ठेवू नको’. सरकारी नोकरीत ठपका ही नियमातली खरी शिक्षा आहे, सेवापुस्तकात तिची नोंद होते आणि बढतीच्या वेळी ती वर येते. त्यावर वेतनवाढ रोखणं, आणि अगदी टोकाला सेवेतून काढून टाकणं आणि बडतर्फी. शेवटच्या दोन्हींत नोकरी जाते, पण बडतर्फ झालेल्याला पुन्हा सरकारी नोकरीचं दार सहसा बंदच. निलंबन मात्र शिक्षा नव्हे. शेजारीपाजारी काहीही म्हणोत, निलंबित माणूस कसूरवार ठरलेला नसतो.

खात्याच्या चौकशीत वड्याचं तेल वांग्यावर काढायची रीत जुनी आहे. गाडीचे ब्रेक सैल आहेत अशी नोंद चालकाने लॉगबुकात केलेली असते, दुरुस्तीचा अर्ज टेबलावर पडलेला असतो, आणि अपघात झाला की सगळं खापर चालकाच्या डोक्यावर फुटतं. भावाला विचारा, मागच्या दोन-तीन महिन्यांत त्याने लॉगबुकात काही लिहिलं होतं का, दुरुस्तीसाठी अर्ज दिला होता का, त्या दिवशी सलग किती तास गाडी चालवली, ड्यूटी कोणी वाढवली. या नोंदींच्या प्रती आजच मागा. नंतर लॉगबुक ‘सापडत नाही’.

आता ‘चूक झाली’ लिहून द्यायचं का नाही ते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, ते संरक्षण कायद्यानेच दिलं आहे. साहेबांना लिहून दिलेल्या खुलाशाला ते संरक्षण नाही. ‘माझ्या चुकीमुळे अपघात झाला, माफी असावी’ हे एक वाक्य खात्याच्या चौकशीत पूर्ण पुरावा ठरतं. तेच वाक्य दाव्यात समोरचे वकील दाखल करतात, आणि फौजदारीतही त्याच्यावरून उलटतपासणी निघते. साहेब चांगले असतील, सोडूनही देतील. पण साहेबांची बदली होते, कागद तिथेच राहतो.

याचा अर्थ ताठ उत्तर द्यायचं असा नाही. दुःख सांगायला हरकत नाही, कबुली द्यायची नाही. खुलाशात घटना लिहा: तारीख, वेळ, कोणत्या कामावर होता, गाडी कोणत्या लेनमध्ये होती, मोटारसायकल कुठून आली, ब्रेक कधी लावला, जखमीला कुठे आणि किती वाजता नेलं. ‘वेगात’, ‘अचानक’, ‘नजरचुकीने’ असे शब्द गाळा, त्यांतून उद्या काहीही अर्थ काढता येतो. शेवटी एवढं पुरे: ‘सदर अपघातात एका व्यक्तीचे निधन झाले याचे मला अत्यंत दुःख आहे. मी वाहन योग्य ती काळजी घेऊन चालवीत होतो. माझ्याकडून कर्तव्यात कोणतीही कसूर झालेली नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने सविस्तर म्हणणे मांडण्याचा हक्क मी राखून ठेवतो.’ अर्थात हे खरं असेल तरच. भाऊ मोबाइलवर बोलत होता किंवा डुलकी लागली होती असं काही असेल, तर ते आधी वकिलाला सांगा आणि मग खुलाशात काय लिहायचं ते ठरवा. खोटं लिहून दिलेलं कागदावर सापडलं की तो दुसरा आरोप होतो.

मृताच्या घरी जायचं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण बहुतेक जण विचारतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी जाऊन भेटून यावं, भावाने तूर्त नको. तिथे पैशाचा विषय काढू नका. ‘सेटलमेंट करून टाकू’ म्हणणारे मध्यस्थ तिथेच भेटतात. १०६ चा गुन्हा आपसात मिटवून संपत नाही, त्यामुळे मध्यस्थाला दिलेले पैसे जातात आणि खटला उभाच राहतो.

खुलाशाची मुदत नोटिशीच्या शेवटच्या परिच्छेदात असते. ती जवळ आली असेल तर मुदतवाढीचा अर्ज आधी टाका, त्यात ज्या कागदपत्रांच्या आधारे नोटीस काढली त्यांच्या प्रती मागा, आणि आवक विभागाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय भावाला तिथून हलू देऊ नका.